बुटाची नाडी

वडाळा समुद्रसपाटीपासून किती उंच आहे, असा प्रश्न आमच्या बिल्डिंगीत कधी कोणाला पडला नव्हता. पडण्याचे कारणही नव्हते. ज्या गावाच्या पूर्वेला मिठागरे आहेत, जिथे भरतीचे पाणी आपण होऊन आत येते आणि उन्हात वाळून मीठ होऊन बसते, त्या गावाची उंची विचारणे म्हणजे टक्कल पडलेल्या माणसाला भांग कोणत्या बाजूला पाडता, असे विचारणे आहे. पावसाळ्यात जोराची सर आणि भरती एकाच वेळी आली की आम्हाला समुद्रसपाटीला जावे लागत नाही, समुद्रच आमच्या सपाटीला येतो. माझ्यापुरते बोलायचे तर माझी नित्याची सर्वांत मोठी चढाई म्हणजे वडाळा रोड स्टेशनचा पूल. आणि तीही ८.१७ येताना दिसली तरच मी जोमाने करतो.

अशा माणसाने साडेचार हजार मीटरच्या पलीकडे असलेले एक तळे आणि दोन हिमनद्या पाहायला जावे, ही कल्पना नानाची. आषाढी एकादशीला आमच्या वडाळ्याच्या विठ्ठलाला रांग लागते. या देवळाला लोक प्रतिपंढरपूर म्हणतात, आणि रांग पाहिली की ते पटते. त्या रांगेत नानाला एक यात्रा केलेले गृहस्थ भेटले. त्यांनी सांगितले की बद्रीनाथच्या वर सतोपंथ नावाचे तिकोनी तळे आहे, आणि दर एकादशीला ब्रह्मा, विष्णू आणि महेश एकेक कोपरा धरून त्यात स्नान करतात. नानाची आई, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या माई, शेजारीच उभ्या होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, "नाना, मला त्या तळ्याचं गडूभर पाणी आणशील?" रांग हलली, दर्शन झाले, पण तो गडू काही नानाच्या डोक्यातून उतरला नाही.

२०१८ च्या सप्टेंबरात आम्ही निघालो. आम्ही म्हणजे पाच जण. नाना, मास्तर, ज्यांना महाभारत तोंडपाठ असून ते कोणी विचारले नाही तरी म्हणतात, अण्णा, ज्याने या सहलीसाठी एवढे सामान विकत घेतले की तेनसिंगलाही आपण घाई केली असे वाटले असते, बापू, आणि मी. पाच हा आकडा जमल्यावर मास्तरांनी लगेच पांडवांची वाटणी करून टाकली. नाना जेवणावरून भीम झाला. मला सहदेव केले. मी आनंदाने कारण विचारले, तर मास्तर म्हणाले, "उरला होता."

बापूबद्दल मात्र थोडे सांगायला हवे. बापू आमचा खजिनदार. दहा रुपयांचा हिशेब लागला नाही तर त्याला झोप लागत नाही, आणि त्याला झोप लागली नाही तर तो कोणाला लागू देत नाही. सहलीचा एकूण खर्च भागिले चालायचे अंतर असे करून त्याने प्रत्येक किलोमीटर कितीला पडतो ते काढले होते, आणि वाटेत कोणी बसला की "चाळीस रुपये बसले" म्हणायचा. आणखी त्याची एक खोड म्हणजे गाडी सोडणे. ८.१७ ला आमच्यातला एखादा पुलावर दिसला आणि गाडी सुटायला आली, तर आम्ही दारातून हातवारे करून त्याला उत्तेजन देतो. बापू खाली उतरून उभा राहतो. आम्ही याला त्याचा वेंधळेपणा समजत होतो.

हरिद्वारपासून बद्रीनाथ सव्वातीनशे किलोमीटरच्या घरात. वाटेत पाच प्रयाग लागतात, आणि प्रत्येक प्रयागाला अण्णा बॅगेतून काहीतरी नवीन वस्तू काढून तिची किंमत सांगत होता. जोशीमठला परवाना झाला. बद्रीनाथला गाईड भेटला. तो पुढच्या माणा गावचा, पन्नाशीचा, कमी बोलणारा. त्याने प्रथम आमचे चेहरे पाहिले आणि मग आमचे बूट पाहिले. माझे बूट नाड्यांचे नव्हते, चिकटपट्टीचे होते. दादरला सेलमध्ये घेतलेले. डॉक्टर एक्स-रे उजेडाकडे धरून बघतात तसे त्याने ते बघितले आणि काही न बोलता खाली ठेवले.

माणा हे त्या वेळी पाटीवर 'भारतातले शेवटचे गाव' होते. तिथे शेवटचे चहाचे दुकान होते, आणि त्याच्यासमोर उभे राहून फोटो काढण्यासाठी पहिल्या नंबराची झुंबड होती. पुढे २०२३ साली तिथे 'भारतातले पहिले गाव' अशी पाटी लागली. गाव तिथेच, डोंगर तिथेच, फक्त तोंड कोणीकडे करून मोजायचे ते बदलले. सरकारी पाटीत इतके तत्त्वज्ञान क्वचितच सापडते.

गावाबाहेर सरस्वतीवर एक प्रचंड शिळा आडवी पडली आहे. तिला भीमपूल म्हणतात. द्रौपदीला प्रवाह ओलांडता यावा म्हणून भीमाने ती टाकली, अशी कथा. कारण हीच ती वाट. राज्य परीक्षिताला देऊन पांडव महाप्रस्थानाला निघाले ते याच बाजूने स्वर्गाकडे गेले, अशी इथली श्रद्धा आहे. आपल्या नानाला, म्हणजे भीमाला, पुलावर उभा करून आम्ही फोटो काढला. मग मास्तर सुरू झाले.

ती गोष्ट आपल्याला ठाऊक आहेच, पण आपण ती नीट ऐकलेली नसते. पुढे युधिष्ठिर, मागे भाऊ, मग द्रौपदी, आणि सर्वांच्या मागे एक कुत्रा. प्रथम द्रौपदी पडते. भीम विचारतो, ही का पडली? युधिष्ठिर सांगतो, हिचा अर्जुनाकडे जरा जास्त ओढा होता. मग सहदेव पडतो: त्याला आपल्या शहाणपणाचा गर्व. मग नकुल: रूपाचा. मग अर्जुन: एका दिवसात शत्रू जाळीन म्हणाला होता, जाळले नाहीत. शेवटी भीम पडतो, आणि बिचारा पडल्या पडल्या स्वतःचेच कारण विचारतो. युधिष्ठिर म्हणतो, तू फार खात होतास आणि बळाची बढाई मारत होतास. प्रत्येक वेळी तो कारण सांगतो आणि चालू लागतो. मागे वळून एकदाही पाहत नाही.

"आणि हाच मनुष्य," मास्तर म्हणाले, "स्वर्गाच्या दाराशी इंद्र रथ घेऊन उभा असता, कुत्र्याला बाहेर ठेवून मी आत येणार नाही म्हणून अडून बसतो!"

"बायको आणि चार भाऊ सोडले, आणि कुत्र्यासाठी अडला?" बापूने विचारले. "हा कुठला हिशेब?"

"तो कुत्रा म्हणजे साक्षात धर्म होता."

"ते त्याला नंतर कळलं. आधी कुत्राच होता ना?"

मास्तरांना उत्तर सुचले नाही, म्हणून ते वसुधारा धबधबा दाखवू लागले.

योगायोग असा की माण्यापासून आमच्याही मागे एक कुत्रा लागला होता. काळा, झुपकेदार, आणि चेहऱ्यावर पेन्शनरासारखा शांतपणा. मास्तरांचा तर कंठच दाटून आला. आमचे महाप्रस्थान अधिकृत झाले.

लक्ष्मीवनाला पहिला मुक्काम. तिथे भूर्जाची झाडे आहेत. ज्यांच्या सालीवर पूर्वी पोथ्या लिहीत, ती. दुसऱ्या दिवशी सहस्रधारा ओलांडून चक्रतीर्थ. वाटेत इथे नकुल पडला, इथे सहदेव पडला, अशा जागा दाखवतात. गाईडगणिक जागा बदलतात असे ऐकले. माझ्या वाट्याची जागा मी जरा भरभर ओलांडली.

हिमनदीबद्दल मात्र माझी साफ फसगत झाली. हिमनदी म्हणजे पांढरीशुभ्र, गोळेवाल्याकडच्या किसलेल्या बर्फाचा मोठा ओघ, अशी माझी समजूत. गाईडने "ये ग्लेशियर" म्हणून बोट दाखवले तिथे मला खडी फोडण्याची खाण दिसली. धोंडे, माती, राख रंगाचा चिखल, पुन्हा धोंडे. सतोपंथ आणि भगीरथ खरक या दोन हिमनद्या इथे जवळ येतात आणि त्यांच्या तोंडातून अलकनंदा निघते. पण दोन्हींनी अंगावर दगडांची गोधडी ओढलेली. ती जाड असली तर खालचा बर्फ सावकाश वितळतो, ती नसती तर उन्हाने लवकर संपला असता. थांबून कान दिला की पायांखालून पाणी वाहिल्याचा आवाज येतो. मला ते एकदम बापूसारखे वाटले, असे म्हणण्याचा मोह होतो. पण खरे सांगायचे तर त्या वेळी मला तसे काहीही वाटले नाही. त्या वेळी मला धाप लागली होती.

धापेचे शास्त्र सोपे आहे. साडेचार हजार मीटरच्या वर हवेचा दाब वडाळ्यातल्या दाबाच्या साधारण अठ्ठावन्न टक्के असतो. म्हणजे श्वास पूर्ण घ्यायचा आणि माल अर्ध्याहून थोडा जास्त मिळायचा. शरीर याची सवय करून घेते, पण सावकाश. म्हणून तीन हजार मीटरच्या वर रात्रीचा मुक्काम रोज पाचशे मीटरहून जास्त चढवू नये, असा नियम सांगतात. ही सवय झाली नाही तर डोके दुखते, ओकारी येते, आणि दुखणे पुढे गेले तर मेंदूला सूज येते किंवा फुप्फुसात पाणी साठते. मग त्याच्यावर खात्रीचा उपाय एकच: खाली उतरणे. आणि यातली मुख्य गोष्ट अशी की हे कोणालाही होते. पहिलवानाला होते, त्याच्या शेजारच्या काडीपहिलवानाला होत नाही. यंदा झाले नाही तो पुढच्या वर्षी आडवा होतो. त्यात वर्तणुकीचा संबंध नसतो.

चक्रतीर्थाच्या मुक्कामी पहाटे नानाचे डोके दुखू लागले. त्याने रात्रीपासून ते लपवले होते. दोनदा ओकला. गाईडने त्याच्या बोटाला प्राणवायू मोजायचे यंत्र लावले, मनगट धरून नाडी पाहिली, आणि मग त्याला टाचेला चवडा लावत सरळ रेषेत चालायला सांगितले. वडाळा डेपोतून शिकाऊ ड्रायव्हरने पहिली बस काढावी तसा नाना निघाला. चौथ्या पावलाला गाईडने त्याला धरून खाली बसवले.

"इनको नीचे जाना है. अभी." त्याने हाताखालच्या विशीतल्या मुलाला हाक मारली. "ये साथ जायेगा. लेकिन आपमेंसे भी एक जाओ. अपना आदमी चाहिए. घबरायेगा तो अपनी बोली में घबरायेगा."

तळे तिथून चार-पाच किलोमीटरांवर होते.

आता पुढचा क्षण मी नीट सांगणार आहे, कारण तेवढ्यासाठीच हा लेख लिहायला घेतला आहे. तो क्षण फार तर पंधरा सेकंदांचा असेल. अण्णा खाली वाकून बुटाची नाडी बांधू लागला. मास्तर खाली वाकून बुटाची नाडी बांधू लागले. मी खाली वाकलो. आणि वाकल्यावर मला आठवले की माझ्या बुटांना नाड्या नाहीत. तरीही मी वाकलेलाच राहिलो. चिकटपट्टी उघडली. लावली. पुन्हा उघडली. त्या शांततेत तिचा आवाज भलताच मोठा झाला.

"मी जातो," बापू म्हणाला.

त्याने पिशवी खांद्याला लावली, नानाचा हात आपल्या मानेवरून घेतला, आणि त्या मुलाला म्हणाला, "चल रे." नानाने जाता जाता माझ्या हातात तांब्याचा गडू दिला. "माईसाठी," म्हणाला.

त्या गडूने माझी केवढी सोय केली म्हणून सांगू! क्षणापूर्वी मी मित्राला सोडून वर जाणारा मनुष्य होतो. आता मी एका वृद्ध मातेची इच्छा पूर्ण करायला निघालेला पुत्र झालो. वर जाणे माझे कर्तव्यच झाले.

आम्ही तिघे गाईडबरोबर चालू लागलो. पहिली दहा मिनिटे कोणी बोलले नाही. मग अण्णा म्हणाला, "रात्री सहा पराठे खाल्ले त्याने." मास्तर म्हणाले, "पाणी पीत नव्हता. मी सांगत होतो." मी म्हणालो, "आणि पहिल्या दिवशी उगाच पुढे पुढे पळत होता. बळाची घमेंड." हे बोललो आणि एकदम थबकलो. हे वाक्य मी कुठेतरी ऐकले होते. कालपरवाच, भीमपुलावर.

तेव्हा माझ्या ध्यानात आले की युधिष्ठिर प्रत्येकाच्या पडण्याचे कारण का सांगत होता. आम्ही आजवर समजत होतो की तो न्याय करतो आहे. मला वाटते तो चालत होता. मागे कोणी पडले असताना पुढे पाऊल टाकणे फार जड जाते. पडणाऱ्याचा दोष सापडला की पाऊल हलके होते. सहा पराठे खाल्ले ना? मग झाले. हिमालयातच कशाला, आपल्या बिल्डिंगीत कोणाची नोकरी गेली, कोणाचा मुलगा नापास झाला, कोणाला झटका आला, की जिना उतरता उतरता आपण पहिली गोष्ट हीच करतो. तंबाखू खायचा. मुलाचे लाड फार. साहेबाशी पटवून घेत नव्हता. त्या माणसाविषयीची ही माहिती नसते. आपल्याला ८.१७ गाठायची असते.

आणि कुत्रा? कुत्रा आमच्याबरोबर वर आला! माझ्या मनाला तेवढाच आधार होता. ज्या अर्थी कुत्रा माझ्यामागे आहे त्या अर्थी धर्म माझ्या बाजूला आहे, असा मी हिशेब केला. पुढच्या विसाव्याला मास्तरांनी पराठ्यांचा डबा उघडला तेव्हा उलगडा झाला. डबा आमच्याकडे होता. पुराणकारांची इथे जरा गल्लत झाली असावी. कुत्रा धर्मराजाच्या मागे जात नाही, शिदोरीच्या मागे जातो. पराठे संपल्यावर खालून दुसरी एक तुकडी येताना दिसली, आणि आमचा धर्म शेपूट हलवत तिला सामोरा गेला.

तळे दिसले तेव्हा अकरा वाजले असतील. ते तिकोनी आहे, आणि त्याचे पाणी हिरवे की निळे ते सांगता येत नाही, कारण ढग सरकला की ते मत बदलते. समोर नीलकंठ आणि चौखंबा यांच्या ओळीतली शिखरे, पलीकडे स्वर्गारोहिणीच्या पायऱ्या म्हणून दाखवतात तो उतार. तळ्यात पान पडले तरी पक्षी ते उचलून नेतात, असे सांगतात. पाण्यात एक काडी नव्हती. तेवढ्या मोठ्या जागेत कोणीही काहीही विकत नव्हते. आयुष्यात इतकी सुंदर जागा मी पाहिलेली नाही. आणि मी तिच्याकडे पाहत किती वाजले असतील, ते दोघे कुठवर पोचले असतील, याचा हिशेब करत होतो. गाईडही तळ्याकडे पाठ करून बसला होता. तो खालच्या वाटेकडे बघत होता. दर थोड्या वेळाने उठायचा, डोळ्यांवर हात धरायचा, बसायचा. युधिष्ठिराने ज्या वाटेवर एकदाही मागे पाहिले नाही, त्या वाटेवर हा मनुष्य सारखा मागे पाहत होता, आणि त्याला यासाठी आम्ही रोजावर पैसे देत होतो.

मी गडू भरला.

ही गोष्ट फक्त वडाळ्याच्या पाच जणांची नाही. २००६ च्या मे महिन्यात एव्हरेस्टच्या उत्तरेकडच्या वाटेवर डेव्हिड शार्प नावाचा इंग्रज एकटा मरणाच्या दारात पडला होता. त्याच्या जवळून चाळीसेक माणसे गेली. काही थांबली, काहींनी प्राणवायू दिला, पण तो वाचला नाही. पहिल्यांदा एव्हरेस्ट चढलेले सर एडमंड हिलरी तेव्हा हयात होते. ते फार रागावले. त्यावर पुष्कळ वाद झाला: त्या उंचीवर दुसऱ्याला वाचवणे शक्य असते का, आणि तो एकटा गेलाच का. पाहा, पुन्हा पराठे आलेच. पण त्याच महिन्यात, दहा-बारा दिवसांनी, त्याच वाटेवर लिंकन हॉल नावाचा ऑस्ट्रेलियन सुमारे ८,६०० मीटरवर मेला समजून सोडला गेला होता. सकाळी डॅन मझूर आणि त्याचे तीन सोबती वर जात होते. हवा उत्तम, शिखर दोनेक तासांवर. पाहतात तो हा मनुष्य बसलेला आणि जिवंत. ते चौघे थांबले. मदत येईपर्यंत थांबले, आणि शिखर न चढताच परत गेले. हॉल वाचला. डोंगर तोच होता. हवा दोन्ही वेळी सारखीच विरळ होती.

मग फरक कुठे असतो? त्या चौघांना त्या क्षणी काय वाटले, ते मला सांगता येणार नाही. बापूला काय वाटले ते मात्र मी विचारले.

संध्याकाळी लक्ष्मीवनाला उतरलो तर नाना भूर्जाच्या झाडाला टेकून चहा पीत बसला होता. पाच-सहाशे मीटर खाली आल्यावर माणूस जादू केल्यासारखा सुधारतो. "कसं होतं रे तळं?" त्याने विचारले. सह्याद्रीतल्या टेकडीला कडा आणि ओढ्याला नदी म्हणणारा मी. डोंगराबद्दल खोटे बोलण्याची मला सवय आहे. पण त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा उलट्या बाजूने खोटे बोललो. "काही खास नाही," म्हणालो. "आपल्या पाच गार्डनएवढं असेल."

नाना हसला. "तुझ्या जागी मी असतो ना, तर मीही वरच गेलो असतो. फक्त हिला सांगू नकोस." यामुळे मला बरे वाटायला हवे होते.

रात्री तंबूत मी बापूला विचारले, "तू कसा रे गेलास? दोन वर्षं पैसे साठवत होतास. किलोमीटरचा भाव काढला होतास."

बापूला प्रश्न आवडला नाही. "कसा म्हणजे काय? कोणीतरी जायलाच हवं होतं. आणि तुम्ही सगळे नाड्या बांधत होतात." जरा वेळाने अंधारातून पुन्हा आवाज आला, "तुझ्या बुटांना तर नाड्याच नाहीत."

परत आल्यावर बापूने हिशेब दिला. डोई खर्च पाच जणांना समान. शेवटच्या दिवसाचे पैसे त्याला आणि नानाला कमी लावावेत असे आम्ही सुचवले, तर "त्यानं अपूर्णांक येतो" म्हणून त्याने ते नाकारले. एकच रक्कम त्याने नामंजूर केली: कुत्र्यास बिस्किटे, रुपये दहा.

माईंनी गडूतल्या पाण्याला हळद-कुंकू वाहिले आणि मला म्हणाल्या, "तू आणलंस रे बाबा. पुण्य तुझं." मी घाईघाईने म्हणालो, "पहिलं बापूला द्या." माईंनी पळीभर पाणी बापूच्या हातावर घातले. बापूने ते निरखून पाहिले आणि विचारले, "उकळलंय का?"

मास्तरांनी महाभारताचा शेवट मला नंतर सांगितला, कारण मी तो विचारला. युधिष्ठिर स्वर्गात जातो तर तिथे दुर्योधन सिंहासनावर बसलेला. भाऊ आणि द्रौपदी कुठे आहेत म्हणून शोधतो, तर ते नरकात. त्यांचे आवाज ऐकल्यावर तो देवदूताला सांगतो, तू जा, मी इथेच राहतो. म्हणजे जे वाटेवर केले नाही ते त्याने नरकात केले. तिथे एकदाचा मागे वळला. धर्मराजालाही एवढा वेळ लागला, हे ऐकून माझा जीव थोडा खाली बसला.

तरीपण एक गोष्ट राहतेच. बापू त्या पंधरा सेकंदांत थोर झाला नाही. त्याने तिथे काही ठरवलेच नाही. ठरवायला त्याला वेळ लागलाच नाही. तो वीस वर्षे वडाळा रोडच्या फलाटावर, पुलावरून धावत येणाऱ्या कोणासाठी तरी, गाड्या सोडत आला होता. उंचीची सवय सावकाश करावी लागते, एकदम वर नेऊन ठेवले तर माणूस टिकत नाही, असे गाईड सांगत होता. बापूने ती सवय समुद्रसपाटीला केली होती. आम्ही तिघे एकदम चक्रतीर्थाला गेलो.

मागच्या महिन्यातली गोष्ट. ८.१७ आली. नाना पुलाच्या मधल्या पायरीवर दिसला. अलीकडे त्याला पूल जड जातो. बापू नेहमीप्रमाणे बाजूला होऊन उभा राहिला. माझा एक पाय गाडीत होता, आणि आत, चमत्कार म्हणजे, बसायला जागा होती. माझी नजर आपोआप खाली बुटाकडे गेली.

मी पाय काढून घेतला. गाडी गेली. यात मोठे काही नाही. पुढची गाडी पाच-सात मिनिटांत येते, आणि साहेबाला कारण सांगता येते. नाना धापा टाकत खाली आला आणि आम्हा दोघांना पाहून म्हणाला, "अरे, थांबलात कशाला?"

बापू माझ्याकडे बघत म्हणाला, "हा नाडी बांधत होता."